कार्डावर ओ पॉझिटिव्ह आणि ओची एकही पिशवी जुळत नाही, म्हणजे नक्की काय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ताईचं वय ४४, फायब्रॉइडमुळे गर्भाशय काढायचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय, हिमोग्लोबिन ८.४, कार्डावर वीस वर्षांपासून ओ पॉझिटिव्ह, आणि इथल्या ब्लड बँकेने ओच्या सहा पिशव्या लावून बघितल्या तर सहाही जुळल्या नाहीत, शेवटी रिपोर्टवर 'बॉम्बे फिनोटाइप', म्हणजे बॉम्बे नावाचा दुर्मिळ रक्तगट, असं लिहून दिलं. तुम्ही विचारलंय की हा आजार आहे का, रक्त कुठून आणायचं, आणि नेटवर सारखं ज्यांचं नाव येतं त्या डॉ. भेंड्यांनी नेमकं काय शोधलं. आणि अगदी शेवटी जरा संकोचाने लिहिलंय की भावोजींचा गट ए, ताईचा ओ आणि भाचीचा एबी, त्यावरून ताईच्या सासरी जुनी कुजबुज आहे. मी इंदुरात सत्तावीस वर्षं ब्लड बँकेत काढली, त्यामुळे या चारही गोष्टींवर सांगते, जरा लांब होईल.

पण आधी एक गोष्ट, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. ताईला ओची पिशवी लावू द्यायची नाही. 'ओ सगळ्यांना चालतं' हे वाक्य तुम्हाला हॉस्पिटलमध्ये दहा जण ऐकवतील, त्यात शिकलेली माणसंही असतील, आणि रात्री दोन वाजता घाईगर्दीत कोणीतरी जुनं कार्ड बघून ओ मागवेल. म्हणून आजच ते जुनं कार्ड फाडा. नवीन रिपोर्टची कॉपी ताईच्या फाईलच्या पहिल्या पानावर, भावोजींच्या पाकिटात आणि भाचीच्या मोबाईलमध्ये असू द्या, आणि भूलतज्ज्ञांना तुम्ही स्वतः तोंडी सांगा.

आता हे असं का. आजार नाही हो, ताईच्या रक्तात काही कमी-जास्त नाही, तिचं रक्त तिच्यासाठी उत्तम काम करतं. फरक आहे तो लाल पेशीच्या अंगावर काय चिकटलंय त्यात. कार्ल लँडस्टायनरनी १९०१ मध्ये रक्ताचे गट दाखवले तेव्हापासून आपण ए, बी, ओ करत आलो, पण ए आणि बी हे पेशीवर थेट चिकटत नाहीत, त्यांच्या खाली आधी एक एच नावाचा पदार्थ लागतो. भिंतीवरच्या खुंटीसारखं धरा. पेशी म्हणजे भिंत, एच म्हणजे खुंटी, त्या खुंटीला कोणाच्या घरी पगडी टांगलेली असते तो ए, कोणाकडे उपरणं असतं तो बी, दोन्ही असली तर एबी, आणि ओ म्हणजे रिकामी खुंटी. लक्षात घ्या, ओमध्ये काहीच नसतं असं नाही, ओमध्ये नुसत्या खुंट्याच खुंट्या असतात, एच सगळ्यात जास्त ओच्याच पेशीवर. आणि बॉम्बे म्हणजे भिंतीला खुंटीच ठोकलेली नाही. मग वरून कोणी लांबून बघितलं तर पगडी नाही, उपरणं नाही, तो म्हणणार 'हा ओ', पण ते बरोबर नाही.

ए, बी आणि एचच्या बाबतीत शरीराचा नियम असा की यातलं जे आपल्या पेशीवर नाही त्याच्या विरुद्ध अँटीबॉडी तयार ठेवायची. ओ माणसाकडे ए आणि बीच्या विरुद्ध असतात. ताईकडे ए, बी आणि एच अशा तिघांच्या विरुद्ध आहेत, आणि ही अँटी-एच शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ डिग्रीला पूर्ण जोरात चालते, पेशी नसेच्या आतच फोडते. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरांनी १६२८ मध्ये लिहिलं की रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयाकडेच येतं, गोल फिरतं. आपण विश्रांतीत असताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं, अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच, म्हणजे हातातल्या नसेत गेलेला चुकीच्या रक्ताचा थेंब मिनिटाभरात किडनीपर्यंत फिरून आलेला असतो. म्हणून थोडंसं देऊन बघू, काही झालं तर थांबवू, हा विचारच इथे करायचा नाही. थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं, घाबरं होणं, लघवी लाल होणं, ही त्याची लक्षणं, आणि भूल दिलेल्या पेशंटला यातलं काहीच सांगता येत नाही.

आता भेंड्यांबद्दल. मला या माणसाबद्दल बोलायला फार आवडतं, कारण काम मुंबईच्या लॅबमध्ये झालं, करणारे आपल्यातले, आणि आपल्याच घरांतून त्यांचं नाव फारसं कोणाला माहीत नाही. डॉ. वाय. एम. भेंडे मुंबईला, परळच्या केईएममध्ये. त्यांच्यासोबत सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. त्यांना तीन माणसं अशी सापडली की ज्यांच्या पेशी अँटी-एने चिकटत नाहीत, अँटी-बीने चिकटत नाहीत, आणि अँटी-एचनेसुद्धा नाहीत, पण त्यांचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं अँटीबॉडी असलेलं पाणी, मात्र ए, बी आणि ओ सगळ्यांच्या पेशींच्या गुठळ्या करतं. तेव्हा ओ हा तळ समजला जायचा, त्याच्या खाली काही असेल असं लॅबमध्ये काम करणाऱ्याच्या मनातच येत नसे. त्या काळी असा रिझल्ट आला तर बहुतेक ठिकाणी सीरम खराब झालं म्हणून नळी बेसिनमध्ये गेली असती, यांनी ती ठेवली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रेस आणि रुथ सँगर हे रक्तगटातले त्या काळचे सगळ्यात मोठे जाणकार, तिथेच मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या पदार्थांच्या केमिस्ट्रीवर काम करत होते, त्या सगळ्यांबरोबर मिळून १९५२ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात लेख आला, जेमतेम दोन पानांचा. शोध मुंबईत लागला म्हणून नाव बॉम्बे, शहराचं नाव पुढे बदललं पण रक्तगटाचं तेच राहिलं.

हा लेख मी नोकरीला लागल्यावर पाच वर्षांनी पहिल्यांदा नीट वाचला, आणि वाचायची वेळ का आली तेही सांगते. नव्वदच्या दशकात, ज्या हॉस्पिटलात मी तेव्हा ज्युनियर होते तिथे, खरगोनकडची एक बाई बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने आली. गट ओ. पहिली पिशवी जुळेना, दुसरी जुळेना, पाचवी जुळेना. आमच्याकडे तेव्हा रिव्हर्स ग्रुपिंगला, म्हणजे पेशंटचं सीरम माहीत असलेल्या पेशींवर लावून गट बघायला, फक्त ए आणि बीच्या पेशी लावायचे, ओच्या पेशी लावायची पद्धत नव्हती, वेळ वाचतो म्हणून. सगळे म्हणाले रिएजंट बिघडलंय, मीही तेच म्हणाले, नवीन बाटली फोडली आणि पुन्हा तेच. रात्रभर सलाईनवर काढली. दुसऱ्या दिवशी आमच्या सीनियर बाईंनी ओच्या पेशी लावायला सांगितल्या, नळी हलवली तर आतमध्ये एकच घट्ट गुठळी, पेशी सुटेचनात. नमुना बर्फाच्या डब्यात घालून संध्याकाळच्या अवंतिका एक्सप्रेसने एका ओळखीच्या माणसासोबत मुंबईला पाठवला. तोपर्यंत बाईंनी तिच्या भावंडांना बोलवून घेतलं होतं, चार भावांपैकी एक जुळला. त्याचंही कार्ड ओ पॉझिटिव्हच होतं. ती बाई वाचली. पण आम्ही त्या रात्री 'चालतंय, लावा' म्हणून पिशवी लावली असती तर, हे मला आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो. तेव्हापासून माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाही टेक्निशियनने तिसरी नळी सोडलेली नाही.

ती ओ पेशींची तिसरी नळी म्हणजेच तुमच्या रिपोर्टमधला महत्त्वाचा भाग, म्हणून तो कसा वाचायचा ते बघून घ्या. फॉरवर्डमध्ये, म्हणजे ताईच्या पेशींवर अँटीबॉडी लावून बघतात त्यात, अँटी-ए, अँटी-बी दोन्ही निगेटिव्ह येणार, इथपर्यंत ओ आणि बॉम्बे सारखेच दिसतात. रिव्हर्समध्ये ए पेशी पॉझिटिव्ह, बी पेशी पॉझिटिव्ह, इथेही सारखेच. फरक फक्त ओ पेशींच्या नळीत पडतो, खऱ्या ओमध्ये तिथे काहीच नाही आणि बॉम्बेमध्ये चार प्लस, म्हणजे एकदम घट्ट गुठळी. आता ओ पेशी दुसऱ्या कारणांनीही चिकटू शकतात, म्हणून सोबत ऑटो कंट्रोल निगेटिव्ह लिहिलेला हवा, म्हणजे ताईचं सीरम तिच्याच पेशींना काही करत नाही हे कळतं. आणि शेवटचा शिक्का अँटी-एच लेक्टिनचा. युलेक्स नावाचं युरोपातलं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप आहे, त्याच्या बियांचा अर्क एच असलेल्या पेशींनाच धरतो, तो ताईच्या पेशींवर निगेटिव्ह हवा. या चार गोष्टी रिपोर्टवर असतील तर गट पक्का. लेक्टिन केलेलं नसेल तर करून घ्या, आग्रहाने. शिवाय लाळेची टेस्ट सांगितली तर नाही म्हणू नका, पॅरा-बॉम्बे म्हणून याचा एक भाऊबंद आहे ज्याच्या पेशीवर एच नसल्यासारखा पण लाळेत मिळू शकतो, आणि त्याच्यासाठी पिशवी निवडताना हिशोब थोडा वेगळा असतो. आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे प्रकरण पूर्ण स्वतंत्र आहे, ते याच्याशी जोडू नका.

आता भाचीचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते कारण रक्त मिळेलही, पण माणसाच्या मनात बसलेलं निघायला जास्त वेळ लागतो.

सासरकडच्यांचं म्हणणं असं की आई ओ, बाप ए, मुलगी एबी, मग बी आला कुठून. प्रश्न बरोबर आहे, पण संशय ज्या दिशेला नेला तो मुळातच चुकीचा. खऱ्या ओ आईला एबी मूल होऊच शकत नाही, बाप कोणीही असो. एबी मुलाला एक गोष्ट बापाकडून आणि एक आईकडून मिळते, ओ आईकडे द्यायला ना ए असतो ना बी. म्हणजे संशय घ्यायचाच होता तर तो बापावर नाही, 'ही आईच याची आई नाही' असा घ्यायला हवा होता, आणि ताईला कळा आल्या तेव्हा सासूबाई स्वतः हॉस्पिटलात होत्या असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ज्या गणितावर इतकी वर्षं कुजबुज चालली, ते गणित कोणी कागदावर मांडूनच बघितलं नाही.

खरं काय झालं ते असं. ए-बीचा जीन आणि एचचा जीन वेगवेगळे आहेत, वेगवेगळ्या क्रोमोसोमवर, ए-बीचा नवव्या आणि एचचा एकोणिसाव्या. ताईकडे बीचा जीन आहे, उपरणं पेटीत व्यवस्थित घडी घालून ठेवलंय, पण टांगायला खुंटी नाही म्हणून ते कोणाला दिसलं नाही. भाचीला आईकडून बी मिळाला, भावोजींकडून ए मिळाला, आणि भावोजींकडून खुंटीही मिळाली, त्यामुळे तिच्या पेशीवर दोन्ही दिसतात. म्हणजे भाचीचं एबी असणं हाच ताईकडे बी आहे याचा पुरावा. अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये असंच एक कुटुंब तपासून लिहिलं होतं, बाई ओ दिसते पण तिने मुलीला बी दिलाय, आणि त्यातूनच कळलं की बी हरवत नाही, झाकला जातो. सासूबाईंना हे सांगायला तुम्ही एकटे जाऊ नका, ब्लड बँकेच्या डॉक्टरांना अर्धा तास मागा आणि सगळ्यांना समोर बसवून त्यांच्याकडून सांगवा, भाचीलाही त्यात बसवा. ती एकोणीस वर्षांची आहे, तिने घरातलं काही ऐकलेलं नसेल असं समजू नका.

भाचीला स्वतःला काही धोका नाही. ती वाहक आहे, तिच्याकडे खुंटीचा एक चांगला जीन आहे. एक गोष्ट तिला पुढे लग्नाच्या वेळी माहीत असावी, नात्यात लग्न असेल तर समोरच्याकडेही तोच जीन असायची शक्यता वाढते, आत्ते-मामे भावंडांत लग्नं होणाऱ्या घरांमध्ये बॉम्बे जास्त दिसतो तो याचमुळे. दोघं वाहक असले तर प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता.

आणि हीच चारात एकची शक्यता मला तुमच्याकडे आणते. तुम्ही ताईचे सख्खे भाऊ, आणि मध्येच एका ओळीत लिहून गेलात की 'माझाही ओ पॉझिटिव्ह आहे, दर गणपतीत मंडळाच्या शिबिरात देतो, पण माझंही ताईला चालत नाही म्हणाले.' कोणी म्हणालं? क्रॉसमॅच करून, म्हणजे तुमच्या पेशी ताईच्या सीरमशी जुळवून म्हणाले, की कार्ड बघून? तुमची पूर्ण टेस्ट झालीये का? मला वाटतं झाली नसावी. उद्याच जा, एक ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी आणि एक साधी नळी द्या, आणि ओ पेशी आणि लेक्टिन लावा असं शब्द वापरून सांगा. पुण्याच्या धाकट्या भावालाही तेच सांगा, तिकडे करून रिपोर्ट पाठवेल. मावशीच्या, मामाच्या मुलांआधी सख्खी भावंडं, हा क्रम लक्षात ठेवा, अख्ख्या देशात दहा हजारात एक शोधण्यापेक्षा आपल्या घरात चारात एक शोधणं सोपं. युरोपात तर हे प्रमाण दहा लाखात एक सांगतात.

तुमच्यापैकी कोणी जुळलं तर दोन गोष्टी. सख्ख्या नात्यातलं रक्त देताना पिशवी इरॅडिएट करून, म्हणजे तिच्यावर किरणं सोडून घ्यायची असते, नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरात मुक्काम ठोकून तिच्यावरच उलटू शकतात, फार क्वचित होतं पण झालं तर सहसा माणूस वाचत नाही, म्हणून याची सोय कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा. आणि शिबिरात रक्त देणं बंद. राग मानू नका, देणं बंद नाही, शिबिरात देणं बंद. तुमच्या लाल पेशी ए, बी, ओ कोणालाही चालतील, पण तुमच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, तिन्ही अँटीबॉडी असल्याने तो दुसऱ्या गटाच्या कोणाला द्यायचा नसतो, आणि पिशवीचं आयुष्य ३५ ते ४२ दिवसच, साधी ओ म्हणून ती कुठेतरी वापरली जाणार आणि महिन्याने एखाद्या बॉम्बे पेशंटला गरज पडली तर दोन वेळा रक्त देण्यात ठेवायचे तुमचे तीन महिने भरलेले नसणार. अशा दात्याने नाव नोंदवून ठेवावं, तब्येत सांभाळावी आणि फोन आला की जावं. मुंबईला केईएमच्या आवारातच आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्तगट आणि अँटीबॉडीच्या अभ्यासाची) संस्था आहे, १९५७ मध्ये ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झालेली, दुर्मिळ दात्यांची नोंद तिथे ठेवतात, आणि संशयाचे नमुनेही तिथे पाठवता येतात. आपल्या ब्लड बँकेमार्फत संपर्क करा, नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरवू नका, त्यात दोन वर्षांपूर्वीचे मेसेज फिरत राहतात आणि खऱ्या वेळी लोक दुर्लक्ष करतात. माणसं येतात हो, २०२४ च्या मे महिन्यात शिर्डीहून एक दाता चारशे किलोमीटरच्या वर गाडीने इंदुरात येऊन रक्त देऊन गेला, पेपरात आलं होतं.

राहिलं ऑपरेशन. माझं स्पष्ट मत, तीन आठवड्यांची तारीख पुढे ढकलता येते का हे गायनॅकच्या डॉक्टरांना विचारा. कॅन्सरचा संशय नसेल आणि रक्तस्राव औषधांनी आवरता येत असेल तर ८.४ वर पोट उघडायची घाई कशाला. शिरेतून आयर्न दिलं तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन चांगलं वर येतं, गोळ्यांवर बसू नका, पाळीत जाणाऱ्या रक्ताशी गोळ्यांची बरोबरी होत नाही. ११ च्या वर गेलं की ताईचंच रक्त काढून तिच्याचसाठी ठेवता येतं, शेवटचं काढणं ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी, त्यात ना दाता शोधायचा ना अँटीबॉडीची भीती. ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड असतं, ते द्यायचं का हे सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी आधी बोलून ठरवावं. जुळणाऱ्या दोन पिशव्या फ्रिजमध्ये लेबल लावून समोर दिसेपर्यंत ताईला टेबलवर घेऊ देऊ नका, फोनवर 'होऊन जाईल' म्हणाले तर ते धरू नका. कोणाला वाईट वाटलं तरी चालेल.

सकाळी उपाशी जायची गरज नाही, चहा-पोहे खाऊन जा. रिपोर्ट हातात आला की आधी ओ पेशींच्या नळीपुढे काय लिहिलंय ते बघा, आणि फोटो मला पाठवा.